कार्ड आलं, मग मनपाचा दवाखाना कशाला? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरातल्या एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंदणीच्या टेबलावर बसते. पूर्वी खिडकीशी पहिला प्रश्न असायचा, "डॉक्टर आले का?" आता असतो, "ताई, इथं कार्ड चालते का?" कार्ड म्हणजे आयुष्मानचं, सरकारी आरोग्य विम्याचं. खाली प्रश्न आले तसे लिहिले आहेत, जरा नीटनेटके करून. उत्तरं टेबलावरच्या अनुभवातली आहेत. मनपाचं परिपत्रक समजू नये.

योजना एक आहे की दोन?

नावं दोन, खिडकी एक. राज्याची योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. पहिल्या आठांत नागपूर नव्हतं. आपल्याकडे ती २०१३च्या नोव्हेंबरात आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, किडनी प्रत्यारोपणाला अडीच लाख, आणि ते मुख्यतः पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना. २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची आयुष्मान भारत २३ सप्टेंबर २०१८ला आली. ती पाच लाखांची, पण २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत बसणाऱ्यांनाच. त्या यादीपायी आम्ही फार बोलणी खाल्ली. एकाच चाळीत भिंतीच्या अलीकडच्याला पाच लाख, पलीकडच्याला दीड. दोघांची कमाई सारखी, दोघांचं छप्पर एकच. यादी दिल्लीची, आणि उत्तर द्यायचं आम्ही.

१ एप्रिल २०२०पासून दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. २८ जून २०२३ला राज्य मंत्रिमंडळाने सगळ्यांनाच पाच लाख करायचं ठरवलं आणि १ जुलै २०२४पासून ते अमलात आलं. म्हणजे शुभ्र रेशनकार्डवालेही आले. याच वेळी १२०९ उपचारांतले फारसे न वापरले जाणारे १८१ गाळले, ३२८ नवे घातले, म्हणून आकडा १३५६ झाला. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली. यादी बदलत राहते, तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ पाहून कुणाला "तुमचं बसत नाही" असं परस्पर सांगू नका.

मनपाच्या केंद्रात कार्ड चालतं का?

चालत नाही आणि लागतही नाही. आमच्याकडे तपासणी, लस, गरोदरपणाची नोंद, बीपी-शुगरच्या गोळ्या हे तसंही मोफत आहे. कार्ड लागतं ते अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात भरती व्हायला. ओपीडीला ते नाही.

टिमकीकडची एक बाई गेल्या उन्हाळ्यात आली. कार्ड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत, पिशवीला रबर. नवऱ्याचं बीपी १८० वर १०८. तिला वाटलं, कार्ड आहे म्हणजे मोठ्या दवाखान्यात दाखवून महिन्याच्या गोळ्या निघतील. तिथून तिला परत पाठवलं होतं. "काऊन ताई, ऑपरेशनला पाच लाख भेटतात अन् गोळीला नाही भेटत?" मी काय सांगणार? प्रश्न बरोबर होता. हाच माणूस उद्या अर्धांगवायूने पडला तर त्याच्या भरतीचा खर्च योजना उचलेल. तो पडू नये म्हणून लागणारी अमलोडिपिनची गोळी योजनेच्या हिशेबातच नाही. ती आमच्या कपाटात असते. बाईंना पिशवीसकट आत नेलं, नवऱ्याचं नाव रजिस्टरात चढवलं आणि महिन्याच्या गोळ्या दिल्या. तो महिन्याला येतो. दोनदा चुकला, तेव्हा आशाताई घरी जाऊन आली.

सगळ्यांना विमा मिळाला, मग मनपाच्या आरोग्य विभागाचं काम कमी झालं असेल ना?

हा प्रश्न लोकांपेक्षा साहेब लोकच जास्त विचारतात. सरळ सांगते, नाही झालं; त्याचं रूप बदललं. विमा ओळखतो तो एका माणसाला, तोही आजारी पडल्यावर, तोही भरती झाल्यावर. आरोग्य विभागाचं गिऱ्हाईक म्हणजे अख्खी गल्ली, आणि तिच्यात कुणी आजारी पडायच्या आधी.

नागपुरात हे समजवायला कूलरसारखं उदाहरण नाही. एप्रिल-मेत घरोघरी कूलर घरघरतात. जूनच्या शेवटी पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण टाकीतलं पाणी तसंच राहतं. खिडकीला लटकलेला कूलर खाली कोण काढणार? त्या बोटभर पाण्यात एडिसच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, अळ्या होतात, आठवडाभरात डास उडायला लागतात, आणि ऑगस्टात त्या ओळीत तीन-तीन घरी ताप. आमचे मलेरिया-फायलेरियाचे लोक घरोघर टॉर्च मारून टाक्या पाहतात, पाणी ओतून देतात, विहिरीत गप्पी मासे सोडतात. हे काम योजनेच्या कोणत्याही पॅकेजमध्ये (ठरावीक रकमेच्या उपचारात) नाही, त्याचा क्लेम नाही, आणि नीट झालं तर त्याचा पुरावाही नाही. कारण जो डेंग्यू झालाच नाही तो मोजायचा कसा? भरतीचा आकडा मात्र दर महिन्याला छापून येतो. बैठकीत मग कोणता कागद वर राहतो ते तुम्हीच ओळखा.

लसीकरण, क्षयरोगाचा शोध, हत्तीरोगाच्या गोळ्या, पाण्याचे नमुने, जन्म-मृत्यूची नोंद, उष्माघाताची तयारी हीही त्याच जातीची कामं. उन्हाच्या बाबतीत तर नागपूर मनपाने २०१६ पासून वेगळा उष्माघात कृती आराखडा चालवलाय. पाच लाखांचं कार्ड कुणाच्याही डोक्यावर सावली धरत नाही.

बदललं म्हणजे नक्की काय?

सगळ्यात मोठा बदल म्हणजे आम्ही वाटाड्ये झालो. पूर्वी "मेडिकलला जा" (म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) म्हटलं की आमचं काम संपायचं. आता चिठ्ठी लिहिताना विचारावं लागतं: रेशनकार्ड ऑनलाइन आहे का, त्यात पेशंटचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळतं का. सून माहेरच्या कार्डात अडकलेली, पोराचं नाव चढवलंच नाही, "शकुंतला" एका ठिकाणी आणि "शकूबाई" दुसऱ्या ठिकाणी. हा घोळ भरतीच्या दिवशी कळला तर नातेवाईक रात्री दहाला सेतू केंद्र शोधत फिरतात. म्हणून आमच्याकडे गरोदर बाईची नोंद करतानाच आम्ही रेशनकार्ड मागतो. काहींना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

दुसरा बदल मी "अकरावा दिवस" म्हणते. योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं धरलेली असतात. अकराव्या दिवशी पेशंट कुणाचा? कागदावर कुणाचाच नाही. प्रत्यक्षात आमचा. टाके कोरडे झाले का, साखर किती, गोळ्या चालू आहेत का, हे वस्तीतच पाहावं लागतं. अडचण अशी की भरती कुठे झाली, सुट्टी कधी झाली हे आम्हाला कुणी कळवत नाही. आशाताईला शेजारणीकडून कळतं. डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स त्या-त्या केंद्राला आपोआप पोहोचली तर निम्मं काम हलकं होईल, असं मी दर आढावा बैठकीत सांगते. लिहून घेतात.

(काही उपचारांना पुढच्या तपासण्यांची वेगळी पॅकेजं आहेत. सुट्टी घेतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, विचारा, घरी आल्यावर नको.)

मेडिकल, मेयो, डागा, एम्स हे सगळं मनपाचंच ना?

नाही हो. मेडिकल, मेयो आणि सुपर स्पेशालिटी राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. डागा स्त्री रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. मिहानमधलं एम्स केंद्राचं. मनपाकडे नागरी आरोग्य केंद्रं, "आपला दवाखाना" नावाचे छोटे दवाखाने आणि गांधीनगरच्या इंदिरा गांधी रुग्णालयासारखी किंवा पाचपावलीच्या सूतिकागृहासारखी मोजकी रुग्णालयं. एकाच शहरात इतके मालक, म्हणून एका पेशंटची चार ठिकाणी चार फायली. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं, तेव्हा लोक मेडिकलच्या खिडकीवर भांडले होते की पेपरात तर मोफत छापलं आहे. निर्णय दुसऱ्या खात्याचा होता. रांगेत उभ्या माणसाला खातं कसं कळावं?

सरकारी रुग्णालयात उपचार स्वस्तच असतात, मग तिथे कार्ड कशाला मागतात?

कारण सरकारी रुग्णालयही योजनेकडे क्लेम लावतं. डॉक्टरांचा पगार सरकार देतंच, पण स्टेंट, इम्प्लांट, महागडी औषधं यांना तुटवडा असतो. क्लेमचा पैसा तिथे उपयोगी पडतो. तुम्ही कार्ड दाखवलं नाही तर तुमचा उपचार होईलही, पण रुग्णालयाचे पैसे बुडाले आणि बाहेरून आणायच्या वस्तूंची चिठ्ठी तुमच्या हातात पडायची शक्यता वाढली. तेव्हा मागायच्या आधीच दाखवा. काही उपचार तर योजनेत सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत.

मग मनपाची रुग्णालयंही असा पैसा का कमवत नाहीत?

कमवायला हरकत नाही, पण त्यासाठी जो संसार लागतो तो उभा करणं सोपं नाही. भूलतज्ज्ञ चोवीस तास हवा, थिएटर हवं, रक्ताची सोय हवी, आणि पूर्वपरवानगी मागायला, फोटो-रिपोर्ट चढवायला, त्रुटी निघाली की फाइल परत लावायला माणूस हवा. मनपात जागा रिकाम्या, त्यात असलेली सिस्टर लसीकरणाची. तिला क्लेमच्या संगणकावर बसवलं तर बाळाला टोचणार कोण? माझं मत विचाराल तर मनपाने एखाददुसरं रुग्णालय नीट तयार करून योजनेत चालवावं, पण नागरी केंद्रांतला माणूस त्यासाठी उचलू नये. बिल होतं तेच काम, ही सवय एकदा लागली की कूलर पाहायला कुणी जात नाही.

सिकलसेलचं "पिवळं कार्ड" आहे, ते दवाखान्यात चालेल का?

विदर्भाबाहेरच्यांना हा गोंधळ कळायचा नाही. सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. त्याच्या तपासणीत वाहक (स्वतः आजारी नाही, पण मुलांना देऊ शकतो असा) निघालेल्याला पिवळं आणि रुग्णाला लाल कार्ड देतात. रेशनकार्डही पिवळंच! एक आजोबा दोन्ही घेऊन आले आणि नेमकं चुकीचं पुढे करत होते. सिकलसेलचं कार्ड हे तुमच्या रक्ताची माहिती सांगतं, पैशाचं काही सांगत नाही.

पण विमा कुठे कमी पडतो ते या आजारात चांगलं दिसतं. वेदनेचा झटका आला, भरती झाली की त्या भरतीचा हिशेब लागेल. झटके कमी व्हावेत म्हणून रोज हायड्रॉक्सियुरियाचं औषध, भरपूर पाणी, उन्हापासून जपणं, ताप आल्याबरोबर दाखवणं, हे भरतीबाहेरचं. आणि त्याच्याही आधीची पायरी म्हणजे लग्नाआधी दोघांची तपासणी. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. केंद्राने १ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, २०४७पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी होते, ती वस्तीतच, फुकट. आई-बाप म्हणतात, "लग्न जमलं, आता कशाला काढता हे?" तेव्हा समजावत बसायला जो वेळ लागतो त्याला कोणतंही पॅकेज नाही.

अंगीकृत खाजगी रुग्णालयाने आधी पैसे भरायला लावले. तक्रार मनपाकडे करायची का?

योजनेतल्या उपचाराला पैसे मागितले असतील तर आधी तिथल्या आरोग्यमित्राकडे, मग १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर. योजना राज्य आरोग्य हमी सोसायटी चालवते. पावती मागा. पावती देत नसतील तर तेही तक्रारीत लिहा. माझ्या मावसभावाच्या वेळी शहरातल्याच एका रुग्णालयाने "परवानगी यायची आहे, तोवर डिपॉझिट" म्हणून साध्या कागदावर आकडा लिहून दिला होता. हेल्पलाइनला फोन लागलाय हे ऐकल्यावर तो कागद परत मागायला मॅनेजर जिना उतरून आला. कागद आम्ही दिला नाही.

रुग्णालयाची नोंदणी मात्र शहरात मनपाचा आरोग्य विभाग करतो, १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली. २०२१च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं. ते नसेल, तर ती तक्रार आमच्या विभागाची. योजनेची रुग्णालयं वाढली तसं हे तपासणीचं कामही वाढलं, तपासणारे हात तेवढेच.

आजार पसरतोय हे विम्याच्या आकड्यांवरून कळत नाही का?

थोडंफार कळतं, पण उशिरा. क्लेम लागतो सुट्टी झाल्यावर, आणि त्यात उपचाराचा कोड असतो, कारण नसतं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लहान मुलं किडन्या बंद पडून नागपूरच्या रुग्णालयांत आली, त्यातली बरीच दगावली. प्रत्येक खाटेवर ती एक डायलिसिसची केस होती. ही मुलं एकाच भागातली कशी, यांनी काय घेतलं होतं, हे प्रश्न विचारले गेले तेव्हा खोकल्याच्या औषधातलं डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन समोर आलं. नागपूर हे मध्य भारताचं दवाखान्यांचं गाव. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसं इथे येतात, आयुष्मान कार्ड इतर राज्यांतही चालत असल्यामुळे आणखी येतील. त्यांच्यासोबत त्यांच्या गावची साथही येते. भरती कुणाच्याही पैशाने होवो, त्या केसेस एका कागदावर मांडून पाहणारा माणूस शहराने स्वतःच ठेवावा लागतो.

आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एकच का?

नाही. आभा म्हणजे चौदा अंकी ओळख क्रमांक, तुमचे रिपोर्ट जोडण्यासाठी. त्यावर एक रुपयाचाही उपचार होत नाही.

आईचं वय ७२, मुलगा सरकारी नोकरीत. तिला मिळेल का?

७० आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न न पाहता, २९ ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घर आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांना वेगळे पाच लाख. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) वाल्यांना मात्र दोनांतलं एक निवडावं लागतं; रेल्वे-डिफेन्सचे पेन्शनर नागपुरात पुष्कळ, तेव्हा घाईत अंगठा देऊ नका, आहे ती सोय आधी तोलून पाहा. ईएसआय म्हणजे कामगार विमावाल्यांना हे कार्ड घेता येतं.

बाहेरच्या देशांत विमा वाढल्यावर तिथल्या नगरपालिका-कौंटीच्या आरोग्य खात्यांनी काय केलं?

अमेरिकेचं थोडं सांगते. तिथे २३ मार्च २०१०ला ओबामांच्या सहीने मोठा आरोग्य विमा कायदा झाला आणि २०१४पासून तयार असलेल्या राज्यांत गरिबांचा सरकारी विमा, मेडिकेड, वाढवला. बिनविम्याच्या लोकांसाठी कौंटीची (कौंटी म्हणजे तिथला जिल्हा) आरोग्य खाती जे दवाखाने चालवत होती, त्यांतले काहींनी दुसऱ्या संस्थांकडे सोपवले, काही खाती विमा कंपन्यांना बिल लावायला शिकली, आणि काहींनी उपचारातून हात काढून साथरोग, अन्न-पाणी, तंबाखू यांवर भर द्यायचं ठरवलं. एक गोष्ट तिथली लक्षात ठेवण्यासारखी आहे. २६ वर्षांपर्यंतची मुलं आईबापांच्या विम्यात राहू शकतात, पण विम्याचा हिशेबाचा कागद घरी जातो, म्हणून गुप्तरोगाची तपासणी करायला ती विमा असूनही कौंटीच्याच दवाखान्यात जातात. आपल्याकडे एचआयव्हीच्या तपासणीला कार्ड मागत नाहीत त्यामागे हेच शहाणपण आहे. तुम्हीही दाखवू नका.

पण पैसा शेवटी मोठ्या रुग्णालयांकडेच जातो ना?

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की सरकारी आरोग्य खर्चाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त वाटा प्राथमिक सेवेला द्यावा. आमच्या केंद्राचं बीपीचं मशीन गेल्या दिवाळीपासून सेलोटेपवर चालू आहे.

आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, कमरेचा घेर असलं विचारतात. कार्ड असताना हे सांगायलाच हवं का?

सांगा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा तो फॉर्म असतो. उत्तरांना गुण असतात, चारच्या वर गेले की तुम्हाला तपासणीला आधी बोलावतात. बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, बाईमाणसाला छातीची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची. पंधरा-वीस मिनिटांचं काम. तिला हेही सांगा की घरातलं कोण नुकतंच भरती होऊन आलंय. आमचा अकरावा दिवस तिच्याच वहीवर चालतो. आणि मे महिन्यात दुपारी आली तर जरा कूलरसमोर बसवा. टाकी ती कुणी न सांगताच पाहून घेईल.